नकलेवरची परीक्षा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे गड, लढाया आणि राजवंश यांच्याविषयी बोलायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मी आज जो इतिहास सांगणार आहे त्यात तलवारीचा खणखणाट नाही. तो हिशेबाच्या वह्यांचा, त्या वह्या दुरुस्त करणाऱ्या हत्यारांचा, आणि या हत्यारांची परीक्षा कशी घ्यावी या प्रश्नाचा इतिहास आहे. मी या विद्येचा पदवीधर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली, गिरणीत बदली कामगार म्हणून मी लागलो, आणि युनियनच्या कचेरीत सतरंज्या घालता घालता कार्यकर्ता झालो. संगणकाशी माझी ओळख गरजेपोटी झाली. ती गरज कशी उत्पन्न झाली, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक जुना संगणक होता. एका बंद पडलेल्या गिरणीतल्या सुमारे आठशे कामगारांची थकीत देणी, त्यांच्या नोकरीचा काळ, वारसांची नावे, असा सारा तपशील आम्ही त्यात भरला होता. पावसाळ्यात एके संध्याकाळी वीज गेली, आणि ती आल्यावर संगणक डिस्क उघडीना. आम्ही एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्याने दुरुस्तीचे हत्यार थेट मूळ डिस्कवरच चालविले आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आगाऊच 'होय' सांगून ठेवले. अर्ध्या तासाने संगणक सुरू झाला. परंतु आमच्या फाइलींची नावे नाहीशी झाली होती. काही फाइली नुसत्या आकड्यांच्या नावाने एका कोपऱ्यात पडल्या होत्या, आणि काही मुळीच नव्हत्या. जुन्या पावत्या आणि हजेरीपत्रके जुळवून ती यादी पुन्हा उभी करावयास आम्हांस अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत तीन म्हातारे कामगार वारले. त्यांची देणी पुढे वारसांना मिळाली, पण त्यांना स्वतःला मिळाली नाहीत.

तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. वही दुरुस्त करणाऱ्या हत्यारावर आपण विश्वास ठेवतो. पण त्या हत्याराची परीक्षा कोणी घेतलेली असते, आणि कशावर घेतलेली असते? उत्तर शोधू लागलो तो मला पन्नास वर्षांचा इतिहास सापडला.

आधी डिस्कमध्ये काय असते ते पाहू. चाळीचे उदाहरण घेऊ. डिस्क म्हणजे हजारो लहान खोल्यांची एक चाळ. प्रत्येक फाइल म्हणजे एक बिऱ्हाड. ते एका खोलीत मावते, नाहीतर दहा खोल्या घेते, आणि त्या खोल्या शेजारीशेजारी असतीलच असे नाही. म्हणून चाळीच्या मेहताजीला काही वह्या ठेवाव्या लागतात. एका वहीत कोणत्या बिऱ्हाडाकडे कोणत्या खोल्या आहेत ते लिहिलेले असते. दुसऱ्या वहीत रिकाम्या खोल्यांची यादी असते. दारावरच्या फळीवर नावे असतात. आणि सर्वांत वर एक मुख्य पान असते, ज्यावर चाळीत एकंदर खोल्या किती आणि वह्या कोठे ठेवल्या आहेत ते नोंदलेले असते. या सर्व व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि त्या मुख्य पानाला सुपरब्लॉक.

आता मेहताजी एका वहीत लिहून दुसरीत लिहिणार, इतक्यात वीज गेली, तर काय होईल? एकच खोली दोन बिऱ्हाडांच्या नावावर लागेल. किंवा खोली रिकामी असूनही रिकाम्यांच्या यादीत नसेल. किंवा बिऱ्हाड आत नांदत असेल, पण फळीवर त्याचे नावच नसेल. वह्यांचा मेळ बसत नाही, ही ती अवस्था. दुरुस्तीच्या हत्याराचे काम हा मेळ पुन्हा बसविणे. त्याला भिंती बांधायच्या नसतात, वह्या जुळवायच्या असतात. आणि कारकुनी कामात अनुभव घेतलेला कोणीही सांगेल की, वह्या जुळविताना चुकीची नोंद खोडली तर माणूसच खोडला जातो.

युनिक्स ही व्यवस्था १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आली. १९७९ साली तिची सातवी आवृत्ती निघाली. तिच्यात आयचेक आणि डीचेक नावाची दोन हत्यारे होती. पहिले खोल्यांचा हिशेब तपासी, दुसरे फळीवरची नावे वहीशी ताडून पाही. पण चूक सापडली की बरीचशी दुरुस्ती जाणत्या माणसाने हातानेच करायची. पुढे त्याच प्रयोगशाळेतील टी. जे. कोवाल्स्की यांनी तपासणी आणि दुरुस्ती एकत्र करणारे हत्यार लिहिले. त्याचे नाव एफएससीके. ते एकामागून एक फेऱ्या घालून वह्या तपासते आणि प्रत्येक दुरुस्तीपूर्वी माणसाला विचारते, 'करू का?' ज्यांचे नाव फळीवरून गेले आहे अशी बिऱ्हाडे ते 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात आणून ठेवते. गंमत अशी की, हा कप्पा सुरुवातीच्या काळात आधीच तयार करून त्यात रिकामी जागा राखून ठेवावी लागे. कारण वह्या बिघडलेल्या असताना नवी खोली देणे धोक्याचे. आमच्या कामगारांच्या फाइली आकड्यांच्या नावाने याच कप्प्यात पडल्या होत्या.

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी युनिक्सची एक आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यातील नव्या फाइल सिस्टिमचे वर्णन मार्शल कर्क मॅक्कुसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी १९८४ साली छापले. त्यांनी मुख्य पानाच्या अनेक प्रती डिस्कभर विखरून ठेवल्या, आणि त्याही अशा तिरक्या मांडणीने की, डिस्कची एखादी तबकडी संपूर्ण निकामी झाली तरी सर्व प्रती एकदम जाऊ नयेत. दस्तऐवजाची एक प्रत घरी, एक वकिलाकडे आणि एक गावी ठेवणाऱ्या शहाण्या माणसाचीच ही रीत.

हत्यार सुधारत गेले. पण हत्याराची परीक्षा? त्या काळच्या अडचणीची कल्पना करा. पीडीपी-११ या यंत्राला लावण्याच्या एका आरके-०५ तबकडीत जेमतेम अडीच मेगाबाइट मजकूर मावत असे. आज खिशातल्या फोनमध्ये काढलेले एक छायाचित्र कधी कधी त्याहून मोठे असते. दुरुस्तीच्या हत्याराची परीक्षा घ्यायची तर मोडलेली डिस्क हवी. मोडलेली डिस्क हवी तर चांगली डिस्क मुद्दाम मोडायला हवी. आणि एकदा हत्यार चालविले की ती डिस्क पहिल्यासारखी मोडकी राहत नाही. म्हणजे तीच परीक्षा पुन्हा घ्यायची तर ती पुन्हा अगदी तशीच मोडायला हवी. ज्याच्यापाशी यंत्र आणि तबकड्या यांची रेलचेल आहे त्यालाच हे परवडणार.

यावरचा उपाय युनिक्सच्या एका जुन्या तत्त्वात दडलेला होता. या व्यवस्थेत डिस्कसुद्धा फाइलीसारखीच वाचता येते आणि फाइलीसारखीच लिहिता येते. मग याच्या उलट का नसावे? डिस्कवरचा प्रत्येक बाइट, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसाच्या तसा एका फाइलीत उतरवून घेतला, तर ती फाइल म्हणजे त्या डिस्कची हुबेहूब नक्कल झाली. तिला डिस्क इमेज म्हणतात. तपासणीचे हत्यार तिच्यावर चालविले तर त्याला फरक कळत नाही. वह्या त्याच, खोल्या त्याच. हत्यार बिघडवून बसले तरी मूळ डिस्क शाबूत. नकलेची आणखी एक नक्कल काढा आणि पुन्हा सुरुवात करा.

परंतु अर्धीच परीक्षा अशी होते. दुरुस्त झालेली चाळ राहण्याजोगी आहे की नाही, हे बिऱ्हाड आत नेल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी संगणकाच्या गाभ्याने, ज्याला कर्नेल म्हणतात त्याने, ती फाइल सिस्टिम जोडून घ्यावी लागते, आणि कर्नेल जोडतो तो डिस्कसारख्या यंत्राला. येथे लूप डिव्हाइस कामाला येते. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये या तुकड्याच्या माथ्यावर थिओडोर त्सो यांचे नाव आहे, आणि बरीच वर्षे तेथे २९ मार्च १९९३ ही तारीखही होती. त्याचे काम दुभाष्याचे आहे. कर्नेल म्हणतो, 'डिस्कवरची पाचशेवी खोली दे.' लूप डिव्हाइस त्या मागणीचे रूपांतर 'फाइलीत अमुक ठिकाणापासून वाच' असे करते आणि मजकूर आणून देते. कर्नेलच्या लेखी ती डिस्कच. प्रत्यक्षात ती दुसऱ्या डिस्कवर पडलेली एक साधी फाइल असते. चाळीतल्या एका खोलीत दुसऱ्या चाळीचा संपूर्ण नमुना ठेवावा आणि त्यात माणसे नांदवून पाहावीत, तसा हा प्रकार.

त्याच १९९३ साली रेमी कार या फ्रेंच गृहस्थांची ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टिम लिनक्समध्ये आली. तिचे दुरुस्तीचे हत्यार प्रारंभी मिनिक्स या दुसऱ्या व्यवस्थेसाठी लिहिलेल्या हत्यारावर आधारलेले होते. नंतर ते पायापासून नव्याने लिहिले गेले. ते पाच फेऱ्यांत काम करते: बिऱ्हाडे, फळ्या, फळ्यांची परस्परांशी जोडणी, नावांची संख्या आणि शेवटी रिकाम्या खोल्यांचा हिशेब. त्याच्या जोडीला डीबगएफएस नावाचे हत्यार आहे. त्याने जाणता माणूस बिघडलेली वही हाताने दुरुस्त करू शकतो. पण त्याचा दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याने चांगली वही हवी तेथे, हवी तेवढीच, मुद्दाम बिघडविता येते.

या हत्यारांच्या संचाबरोबर एक परीक्षासंग्रह येतो. तो पाहिला तेव्हा मला एखाद्या चांगल्या युनियनचे तक्रार रजिस्टर पाहिल्यासारखे वाटले. प्रत्येक परीक्षेचा एक कप्पा आहे. त्यात एक लहानशी, आवळून ठेवलेली, विशिष्ट तऱ्हेने बिघडलेली डिस्क इमेज असते, आणि अपेक्षित उत्तरांचे दोन कागद असतात. हत्यार त्या इमेजवर एकदा चालवायचे. त्याने कोणत्या चुका सांगाव्यात आणि काय दुरुस्त करावे ते पहिल्या कागदावर आहे. मग तेच हत्यार त्याच इमेजवर दुसऱ्यांदा चालवायचे. या वेळी त्याला एकही चूक सापडता कामा नये. ते दुसऱ्या कागदावर आहे.

श्रोते हो, ही दुसरी फेरीच सगळ्याचे मर्म आहे. पहिल्या फेरीत हत्याराने 'दुरुस्त केले' असे म्हणणे ही त्याची स्वतःची साक्ष झाली. दुसऱ्या फेरीत तेच हत्यार आपल्याच कामाची उलटतपासणी करते. दुरुस्तीने एक भोक बुजवून दुसरे पाडले असेल तर येथे ते उघडे पडते. आपल्या तडजोडीच्या करारांचेही असेच असते. सह्या झाल्या म्हणजे तंटा मिटला असे नव्हे, पुढच्या पगाराच्या दिवशी काय होते ते पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. बिघडलेली डिस्क जाणकारांना दाखवायची तर आपल्या साऱ्या फाइली परक्याच्या हाती द्यायच्या काय? याच संचात ई-टू-इमेज नावाचे हत्यार आहे. ते फक्त मेहताजीच्या वह्यांची नक्कल काढते, बिऱ्हाडातले सामान उचलत नाही. आणि हवे असल्यास फळीवरची नावेही ओळखू येणार नाहीत अशी करून टाकते. दुखणे वैद्याला दाखवावे, पण घरची लक्तरे वेशीवर टांगू नयेत, ही काळजी त्यात घेतलेली आहे.

आता या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी प्रचारक ठरेन. रायझरएफएस नावाची एक फाइल सिस्टिम २००१ साली लिनक्समध्ये आली आणि २०२५ सालच्या ६.१३ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. तिच्या दुरुस्तीच्या हत्याराचा एक दोष फार गाजला. वह्या पारच नष्ट झाल्या असतील तर ते हत्यार सारी डिस्क चाळून वहीच्या पानासारखे दिसेल ते पान गोळा करी आणि त्यातून नवी वही बांधी. पण त्याच डिस्कवर दुसऱ्या रायझरएफएसची डिस्क इमेज ठेवलेली असली, तर तिच्यातली पानेही मूळ वहीत मिसळली जात. नकली चाळीतली बिऱ्हाडे खऱ्या चाळीच्या वहीत! नक्कल कोठे ठेवावी, हाही विचार करावा लागतो, असा याचा बोध.

दुसरी मर्यादा अशी की, माणूस स्वतःला सुचतील तेवढ्याच मोडतोडी करून पाहतो. २००४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुनफेंग यांग, डॉसन एंगलर आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम यंत्रावरच सोपविले. वीज कोणत्याही क्षणी जाऊ शकते असे धरून त्यांच्या यंत्रणेने शक्य तितके क्षण एकेक करून तपासले आणि प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीचे हत्यार चालवून पाहिले. लोक रोज वापरीत असलेल्या तीन फाइल सिस्टिममध्ये मिळून ३२ गंभीर दोष निघाले. २००८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील हर्यादी गुणावी आणि सहकाऱ्यांनी ईएक्सटी-२ च्या दुरुस्ती हत्याराचीच झाडाझडती घेतली. वह्यांत मुद्दाम चुका घालून पाहता, काही वेळा दुरुस्तीनंतरही मेळ बसत नाही आणि हाताशी असलेली माहिती हत्यार वापरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

२०१८ साली टेक्सास विद्यापीठातील जयश्री मोहन, विजय चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पूर्वी नोंदलेले दोष तपासता त्यांना आढळले की, बहुतेक दोष नव्याने बांधलेल्या फाइल सिस्टिमवर तीन किंवा त्याहून कमी क्रिया करून पुन्हा घडविता येतात. प्रचंड यंत्रांची गरज नाही. लहान इमेज आणि चिकाटी पुरे. या रीतीने त्यांना दहा नवे दोष सापडले, आणि त्यांपैकी सात २०१४ पासून लपून बसलेले होते. जिची अचूकता गणिती रीतीने सिद्ध केलेली होती अशा एका फाइल सिस्टिममध्येही त्यांना एक दोष सापडला. तिसरी मर्यादा यंत्राची: खरी डिस्क जुनी होते, एखादी खोली वाचू देत नाही. साधी इमेज अशी झिजत नाही. म्हणून नकलेवर उत्तीर्ण झालेले हत्यार खऱ्या डिस्कवर चालेलच अशी हमी नाही. मात्र नकलेवर अनुत्तीर्ण झालेले हत्यार खऱ्या डिस्कवर चालवू नये, एवढी हमी निश्चित आहे.

गिरणीत काम केलेल्यांना ही रीत नवी नाही. बॉयलरची परीक्षा वाफेने घेत नाहीत. त्यात थंड पाणी भरून रोजच्यापेक्षा अधिक दाब देतात. पाणी वाफेसारखे दबत नाही, म्हणून पत्रा फाटलाच तर पाणी गळते, स्फोट होत नाही आणि माणसे मरत नाहीत. परीक्षा खरी, पण अपघात स्वस्त. डिस्क इमेज हे संगणकाच्या बॉयलरमधले थंड पाणी आहे.

मी स्वतः ही विद्या अशीच शिकलो. कचेरीतल्या जुन्या संगणकावर शून्यांनी भरलेली दहा मेगाबाइटची एक फाइल केली, तिच्यावर ईएक्सटी-२ बांधली, लूप डिव्हाइसने जोडली आणि आत शंभर खोट्या कामगारांची यादी ठेवली. मग जोडणी सोडवून मुख्य पान पुसून टाकले. ते सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर असते. हत्यार चालविले तेव्हा मुख्य पान निकामी आहे असे सांगून ते राखीव प्रतीकडे वळले; इतक्या लहान इमेजमध्ये ती ८१९३ व्या खोलीत असते. यादी जशीच्या तशी परत आली. मग मी अधिक वाईट तऱ्हेने मोडले, आणि यादी आली नाही. त्या दिवशी मला त्या दुरुस्तीवाल्याचा राग येईनासा झाला. त्याला कोणी मोडून पाहायला दिलेच नव्हते. गिरणीत शिकाऊ पोराला आम्ही आधी टाकाऊ सूत देत असू. त्याच्या हाती पहिल्याच दिवशी आठशे कामगारांची यादी दिली, ही चूक आमचीही होती.

हे शिकायला मला कोणाची परवानगी लागली नाही आणि पैसाही लागला नाही. हत्यारे मोफत, त्यांचा मूळ मजकूर खुला, परीक्षासंग्रह खुला. ज्या विद्येसाठी एके काळी बेल प्रयोगशाळेची तबकडी लागत असे, ती आज जुन्या यंत्रावर रात्री जागून मिळते. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा पालट हाच आहे.

आमच्या कचेरीत आता तीन नियम भिंतीवर लिहून ठेवले आहेत. डिस्क बिघडली तर तिला हात लावण्यापूर्वी तिची संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची. दुरुस्ती नकलेच्या नकलेवर करायची, आणि हत्यार दोनदा चालवायचे. नंतर ती इमेज फक्त वाचण्यापुरती जोडून, ज्यांची नावे तिच्यात आहेत त्यांच्यापैकी दोन माणसांना शेजारी बसवून यादी ताडून पाहायची. या तिसऱ्या नियमाचा उल्लेख कोणत्याही परीक्षासंग्रहात नाही. पण वह्यांचा मेळ बसला म्हणजे माणसांचा हिशेब लागलाच असे नाही, हे त्या अकरा महिन्यांत आम्ही शिकलो होतो.